सुलोचनाबाईंचा ध्यानवर्ग

माझ्या बायकोच्या अडचणीला मी भर विहारात हार घातला, टाळ्या वाजवल्या आणि वर चार शब्दही बोललो. चूक सर्वस्वी माझीच. तिच्यावर ढकलायला जागाच उरली नाही; असती तर मी नक्की ढकलली असती!

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. मी परतूरला प्राथमिक शाळेत गुरुजी. तिसऱ्या बाळंतपणानंतर सुलोचना हसेनाशीच झाली. मी विनोद सांगितला की पदर तोंडात कोंबून मोरीकडे पळायची. (मला वाटे, विनोद जुना झाला. म्हणून मी मागोमाग मोरीच्या दारापर्यंत जाऊन नवा सांगायचो!) पाण्याचा दुसरा हंडा उचलेना, लग्नाला येईना, रविवारी विहारात वंदनेलाही येईना.

"कोणाशी भांडलीस का?"

"न्हाई."

"मंग तोंड का असं?"

"जलमाचंच हाय."

हिवाळ्यात ती खोकल्याचं औषध आणायला म्हणून सरकारी दवाखान्यात गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात वेगळंच सुरू झालं. सकाळ, दुपार, संध्याकाळ ती घोंगडीवर ताठ बसायची. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, अंगठा बोटांच्या पेरांवर सरकतोय.

"अगं, काय करून राह्यलीस?"

तिनं डोळे न उघडता हात वर केला. गप्प!

माझ्या अंगावर काटा आला. ध्यान! आमच्या घरात, ज्वारीच्या कणगीशेजारी! वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून मी वंदना म्हणतोय. पण दहा मिनिटं डोळे मिटून बसलो की मी घोरायला लागतो. आणि ही बघा!

मी पोरांना दटावलं, शेजाऱ्यांचा कोंबडा हाकलला आणि सगळ्या शाळेला बातमी दिली. विहाराचे अध्यक्ष भिवाकाका तर हरखलेच. "गुरुजी, असं माणूस घरात झाकून ठिवता? येत्या पुनवेला बायांना शिकवू द्या की!"

मी होकार दिला. तिला विचारलं नाही. (विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणूनच विचारलं नाही. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.)

पौर्णिमेला "नुसती वंदनेला चल" म्हणून तिला नेलं. वंदना संपली, मी उठलो, तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. "सुलोचनाबाई रोज तीनदा ध्यान करतात! त्यांना जे साधलंय, ते सर्व भगिनींनी शिकून घ्यावं!"

टाळ्यांचा कडकडाट. सुलोचनानं माझ्याकडे पाहिलं. असं तिनं पूर्वी एकदाच पाहिलं होतं, तिच्या वडिलांची नवी सायकल मी विहिरीत घातली तेव्हा! डोळ्यांत पाणी, पण आवाज बिलकुल ठाम.

"भिवाकाका, पुरुष मंडळींना भाईर न्या. दार लावा."

आम्ही लिंबाखाली उभे. आत अर्धा तास चिडीचूप.

"लई खोल ध्यान हाय," काका कुजबुजले. तेवढ्यात आतून हसण्याचा असा लोट आला की लिंबावरचे कावळे उडाले.

घरी चुलीपुढे बसल्यावर ती बोलली. "अवो, ते ध्यान नव्हतं. खोकलं, हसलं, हंडा उचलला की माझी लघवी सुटती. वरीस झालं. दवाखान्यातल्या सिस्टरबाई म्हनल्या, ऑपरेशन लागत न्हाई. लघवी अडवताना आवळतो तसं आतून आवळायचं, धा मोजस्तोर धरायचं, मंग ढिलं सोडायचं. धा खेपा, दिवसातून तीनदा, तीन महिने."

"मंग आत बायांना काय सांगितलंस?"

"हेच! दुसरं काय येतंय मला? वाटलं व्हतं, लुगडं भिजतंय म्हणून घरात बसणारी मी एकलीच. तर धुरपतामावशी म्हनली, मी पंधरा वर्सं येष्टीत बसली न्हाई!"

वर्षभर ती चोरून लुगडी धूत होती, आणि मी दाराबाहेरून विनोद सांगत होतो! तिथंच माफी मागायला हवी होती. पण मी पडलो गुरुजी. लाल शाई कायम दुसऱ्याच्या वहीत चालवलेली. दीड महिना गेला. तोवर गल्लीतल्या बाया तीनदा डोळे मिटून बसू लागल्या, आणि त्यांचे नवरे मला रस्त्यात गाठू लागले.

"गुरुजी, मधे बोलूच देत न्हाई! आमच्या हिला निर्वाण कधी मिळंल?"

"तीन महिन्यांत," मी सांगायचो.

अखेर एका संध्याकाळी मी तिच्यापुढे हात जोडून उभा राहिलो. शाळेत बसून लिहिलेलं भाषण तोंडपाठ केलं होतं. "सुलोचना, माझं चुकलं. तुझं दुखणं मला दिसलं नाही, आणि न विचारता तुला चारचौघांत उभं केलं. तुझ्या सोशिकतेला मी... मी..." पुढचं आठवेना. मी खिशातला कागद काढला आणि गहिवरून वाचलं, "अर्धा किलो तूरडाळ, पाव किलो गूळ..."

सुलोचना खदखदून हसली. भिंतीला टेकून, पोट धरून. मग एकदम दचकून थांबली. मी घाईघाईनं मोरीची वाट मोकळी केली.

ती जागची हलली नाही. खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "न्हाई झालं काही!"

"मंग... केलंस माफ?"

"करते. पर ते तूरडाळीचं पुन्हा एकदा म्हना."

मी हात जोडून पुन्हा म्हणालो. आयुष्यात मी मनापासून मागितलेली ही एकच माफी, आणि ती मंजूर झाली ती किराण्याच्या यादीवर!