मालतीबाईंचा एका पायाचा तास

आमच्या गल्लीत सकाळी चहा उकळायला लागला की घराघरांत म्हातारी माणसं एका पायावर उभी राहतात. नव्या दूधवाल्याला वाटलं, इथं कसलं तरी व्रत चालतं. व्रत कसलं, हा सगळा मालतीबाईंचा धाक.

बाई शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जातो. मी स्वतः त्या बाकावर बसलेला आहे, आणि आता त्यांच्या शेजारी राहतो. सुटका म्हणून नाहीच.

आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी पिंप, बादल्या, कळश्या, अगदी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवतात आणि शहाबादी फरशीवर तळं होतं. वर आणखी एक शहाणपणा. चादर विरली तरी आम्ही ती टाकत नाही, घडी घालून मोरीच्या दारात पायपुसणं करतो. भिजलेली ती घडी अशी सटकते की माणूस जागच्या जागी आडवा. अशाच एका पाण्याच्या दिवशी बाई आडव्या झाल्या आणि मनगट मोडलं.

पुण्याहून सुबोध धावत आला. बाईंचा एकुलता एक. गुणी मुलगा, पण घाबरट. निघताना म्हणाला, "आई, पुन्हा पडलीस तर हे घर बंद. सरळ पुण्याला."

"तिथं मी ओरडू कुणावर?" बाईंनी मला विचारलं. त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं सांगितलं, ओट्याला धरून रोज थोडा वेळ एका पायावर उभं राहा, घरात रबरी तळाची चप्पल घाला, वाटेत बादल्या नकोत, पायपुसणं तर मुळीच नको. बाईंनी हा अभ्यासक्रम सगळ्या गल्लीला लावला. घरोघरी जाऊन चादरी जप्त केल्या. त्यांच्या पलंगाखाली ढीग झाला.

माझे वडील बापूसाहेब मात्र अडून बसले. "या वयात एका पायावर? मी काय बगळा हाय का, बाई?"

"बगळा पडलेला बघितलाय कधी?"

बापूसाहेब विचारात पडले आणि विचार करता करता उभे राहिले. आता त्यांना इतकी गोडी लागलीय की चहा कडू झाला तरी पाय खाली येत नाही. आम्ही कडू चहा पितो.

मग परवा, नेमकं पाणी आलेलं असताना, न कळवता सुबोध उगवला. मी बाईंच्या पिंपात पाइप धरून उभा होतो. फरशी ओली, आणि बाई ओट्याला धरून एका पायावर. सुबोधचा चेहरा पांढराफटक पडला. पलंगाखाली वाकला, लहानपणापासूनच्या सवयीनं एक चादर ओढली, छान घडी घातली आणि मोरीच्या दारात अंथरली.

"आता नाही घसरणार तू," असं म्हणत त्यानं तिच्यावर पाय दिला, आणि स्वतःच आडवा झाला.

बाई धावल्या नाहीत. मदतीला धावणाराही पडतो, हे त्यांनीच आमच्याकडून घोकून घेतलंय. उचललेला पाय चपलेसकट टेकवला, भिंतीला हात लावत सावकाश आल्या.

"लगेच उठू नकोस. कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही. लाज वाटतेय."

"त्याला औषध नाही. कुशीवर वळ. आता गुडघ्यावर ये. देवदत्त, खुर्ची."

मी खुर्ची दिली. सुबोध तिला धरून उठला आणि बसला. मोडून सांधलेल्या हातानं बाईंनी त्याचे केस सारखे केले आणि अगदी त्याच्याच सुरात म्हणाल्या, "पुन्हा पडलास तर पुणं बंद. सरळ सोलापूर."

सुबोध इतका हसला की खुर्ची हलायला लागली. मीही हसत सुटलो, तिकडं पिंप भरून वाहायला लागलं. घर बंद करायचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. फरशी कोरडी झाल्यावर बाईंनी चहा टाकला आणि त्याला ओट्यापाशी उभं केलं. मायलेक शेजारी शेजारी, एकेका पायावर. चहाला उकळी यायच्या आत पाय टेकला तो सुबोधचा.