ओल कुठून येते

माझं काम बियाणं तपासायचं. वाखनिंगनच्या एका प्रयोगशाळेत रोज पाकिटं येतात, प्रत्येकावर 'उत्तम' असं लिहिलेलं असतं, आणि ते खोटं आहे असं धरूनच आम्ही कामाला लागतो. दाणे ओल्या कागदावर मांडायचे, कोंब येतो का बघायचं, आणि त्याआधी बुरशी येते का ते बघायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. नवरा म्हणतो, तू आधीपासूनच अशी होतीस, नोकरीने फक्त त्याचा पगार सुरू केला.

त्यामुळे चाळीस वर्षं जुनी कॅरव्हान दाखवताना तो डच म्हातारा भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "आतून कोरडी आहे," तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की लबाड दिसतोय.

खरं तर ती गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली मला माझ्यासाठी नकोच होती. ती हवी होती आईसाठी. आई पुण्यात एकटी राहते. मागे आली तेव्हा तिला समुद्रावर नेलं होतं, चांगल्या हॉटेलात. तिथल्या स्वयंपाकघरात कुठल्या डावाने काय ढवळलंय कोण जाणे, म्हणून तिने तीन दिवस केळी आणि घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या. त्यात खोलीतला गालिचा दमट, तिला दमा, दोन रात्री उशीला टेकून बसून काढल्या. परत येताना म्हणाली, "समुद्र छान होता गं. मला माझ्या शेगडीसकट नेलंस ना, तर आठ दिवस हलायची नाही."

ती सहज बोलून गेली. मी ते धरून बसले. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा येणार होती, आणि फोनवर तिनेच सांगून टाकलं होतं की गुडघे आता ऐकत नाहीत, ही शेवटची खेप. म्हणजे मला मे महिन्यापर्यंत तिची शेगडी, तिचा पलंग आणि कोरड्याठाक भिंती हव्या होत्या. बाकी काही कमीजास्त चाललं असतं, पण ओल आणि आईची छाती एका खोलीत राहू शकत नव्हत्या.

म्हाताऱ्याचं पूर्वी सायकलींचं दुकान होतं. बायको गेल्यावर एकटा कुठे फिरू, म्हणून तो कॅरव्हान विकत होता. कॅरव्हान त्याने धुतली होती, पडदे इस्त्री करून लावले होते, कपाटात चार कप उपडे घालून ठेवले होते. मी त्याच्या तोंडावरच नवऱ्याला मराठीत म्हणाले, "इतकी धुऊनपुसून कोण देतं? काहीतरी लपवलंय."

"मग तुला घाणेरडी हवी होती का?" नवरा म्हणाला, आणि घेऊन टाकली. तो युट्रेख्टला आयटीत आहे. तिथे रोज सायकल चोरीला जाते तरी ह्याचा माणसांवरचा विश्वास जात नाही.

घेतली त्याच दिवशी म्हाताऱ्याच्या दारात पूजा केली. आई व्हिडिओ कॉलवर होती. स्वस्तिक काढ म्हणाली. इथे ते काढायची सोय नाही, हे तिला किती वेळा सांगावं? मी कुंकवाने श्री काढला. गाडीला जोडायच्या हुकावर नारळ फोडायला गेले तर तो फुटेना, शेवटी म्हाताऱ्याने हातोडी आणून दिली. खोबऱ्याचा तुकडा त्याने बराच वेळ चघळला. आणि मग आईने तोरणाचं विचारलं. नवऱ्याच्या एका मित्राबरोबर तिने स्वतः विणलेलं लोकरीचं तोरण पाठवलं होतं, केशरी-पिवळं, खाली मणी. डोळ्यांना कमी दिसतं तरी दोन महिने बसून केलेलं. "दाराच्या बाहेर लाव हो. आत नको. तोरण बाहेरच शोभतं."

आमच्या गल्लीत कॅरव्हान तीन दिवसांपेक्षा जास्त उभी करता येत नाही. चौथ्या दिवशी खेमेंटेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं पत्र दारात. समोरच्या बाईनेच कळवलं असणार, असं मला आजही वाटतं. मग गावाबाहेर एका शेतकऱ्याकडे जागा घेतली. त्याच्या शेडमध्ये पन्नास कॅरव्हान ओळीने झोपलेल्या असतात, पण आत काम करायला परवानगी नाही, आगीची भीती. म्हणून आमची शेडच्या मागे, उघड्यावर. तिथे पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते तोरणाचं. इथला वारा काय आहे ते मला ठाऊक, चिकटपट्टीबिकटपट्टी दोन दिवस टिकायची नाही. चांगले लांब पितळी स्क्रू आणले, ड्रिल घेतलं, आणि दाराच्या वर पत्र्यात तीन स्क्रू पिळून तोरण पक्कं बसवलं. आईला फोटो पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा ड्रिल चालवलं होतं, त्यामुळे दिवसभर हात बघत होते.

पहिल्याच शनिवारी म्हातारा सायकलवरून हजर, जागेचा पत्ता नवऱ्यानेच दिलेला. विकली ना बाबा, आता काय काम? तो कॅरव्हानभोवती फिरला, कलिंगड घेताना वाजवून बघतात तशा भिंती वाजवून बघितल्या आणि दारापाशी थांबला. तोरणाकडे बोट करून सरळ म्हणाला, "हे काढायला हवं."

हे लोक तोंडावर बोलतात हे मला माहीत आहे, पण माझ्या आईच्या हातचं तोरण कुणी काढायला सांगावं? मस्तकात तिडीक गेली. "ते माझ्या आईने केलंय. आमच्या धर्मात दारावर असतं. त्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले. तो म्हणाला, "नाही, पण त्याच्या मागे..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, विषय संपला. त्याने मान हलवली आणि खिडकीची काच पुसत बसला.

तरी दर शनिवारी यायचाच. नवरा म्हणायचा, त्याला करमत नसेल. मी म्हणायचे, गुन्हेगार जागेवर परत येऊन बघतो म्हणतात. ऑक्टोबरात एकदा मी पलीकडच्या बाजूने वळून आले तर हा तोरणाखाली हात घालून बोटाने काहीतरी चोळत होता. मला बघताच हात खिशात. बोट काळं झालेलं मी स्पष्ट पाहिलं.

"काय करताय?"

"काही नाही," तो म्हणाला.

काही नाही म्हणे! कुठेतरी पाणी मुरतंय हे मला त्याच दिवशी कळलं, फक्त कुठे ते कळायला मार्च उजाडला.

नोव्हेंबरात वास आला. बियाण्याचं पोतं आतून बिघडलं की येतो तो, मी झोपेतही ओळखीन. मग मी हात धुऊन मागे लागले. ओल मोजायचं यंत्र आणलं. खिडक्यांच्या कडा सील केल्या, छताची झडप सील केली, धुराड्याची टोपी सील केली. सीलंटच्या नळ्या संपत होत्या आणि दाराच्या डाव्या हाताची जमीन आपली दर आठवड्याला थोडी अधिक गार लागत होती. एका शनिवारी तिथल्या बाकावरच्या उश्या हलवल्या तर मागच्या भिंतीवर नवाकोरा पांढरा रंग. बाकी सगळीकडे जुना पिवळट आणि नेमका इथेच नवा. मला आणखी काय पुरावा हवा होता?

म्हातारा आला तेव्हा मी दारातच उभी होते. पाठ केल्यासारखं बोलले. "तुम्हाला माहीत होतं. ओल झाकून, वरून रंग फासून तुम्ही मला ही विकलीत. आणि मला कळलं की नाही हे बघायला दर आठवड्याला येता. माझ्या आईला दमा आहे. तिच्यासाठी घेतली होती मी ही."

"मी कोरडी दिली होती," तो म्हणाला.

"मग ही ओल काय आकाशातून आली?"

त्याने टोपी घातली, सायकलचा स्टँड काढला आणि गेला. पुन्हा आला नाही. घरी सांगितल्यावर नवरा जेवता जेवता थांबला. "त्या माणसाने आपल्याला नारळ फोडायला हातोडी दिली होती. तू उद्या देवाकडेसुद्धा पावती मागशील." मला मात्र हलकं वाटत होतं. चोर सापडला होता ना.

चोर गेला आणि ओल दुप्पट झाली. जानेवारीभर पाऊस होता, फेब्रुवारीतही. जमिनीत बुटाची टाच रुतायला लागली. फोनवर आई विचारायची, "खोली झाली का गं? कोरडी आहे ना? डॉक्टर म्हणालेत, दमट जागेत एक दिवसही नको." मी म्हणायचे, हो, होतेय. आणि फोन ठेवला की मला रडू यायचं. तिचं तिकीट काढून झालं होतं.

मार्चमध्ये शेवटी मी दाराजवळची आतली फळी उचकटून काढली. मागे काय दिसलं? पत्र्यातून आत आलेली स्क्रूंची तीन टोकं. प्रत्येक टोकापासून एकेक काळा ओघळ लाकडावरून सरळ खाली जमिनीत गेलेला. स्क्रू पितळी होते, लांब, चांगले. मीच निवडून आणलेले.

बाहेर येऊन तोरण उचलून बघितलं. छतावरचं पाणी दारावर पडू नये म्हणून वर एक बारीक पन्हळ असते. मी बरोबर तिच्या वर, पाणी साठतं त्याच रेषेत भोकं पाडली होती. आणि तिन्ही स्क्रूंच्या डोक्यांभोवती काळं, वाळलेलं, भेगाळलेलं काहीतरी होतं. बोटाने खरवडून वास घेतला. सायकलच्या साखळीचं ग्रीस.

मी तिथेच पायरीवर बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या म्हाताऱ्यांना तोरण काढायला मी मनाई केली होती, म्हणून ते दर शनिवारी येऊन, न काढता, माझी भोकं बुजवत होते. आणि मी त्यांना हाकलल्यावर ती बुजवायला कुणी उरलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की नवऱ्याला फोनसुद्धा केला नाही.

तिन्ही स्क्रू पिळून काढले, खिशात टाकले आणि निघाले. सायकलने त्यांच्या गावी अर्धा तास लागतो. वाटेत डचमध्ये वाक्यं जुळवत होते. दार त्यांनीच उघडलं. मी खिशातून स्क्रू काढून हात पुढे केला, आणि जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"तीनही?" त्यांनी विचारलं.

"तीनही," मी म्हणाले.

ते आत गेले. दार उघडंच होतं. मला वाटलं, आता बंद करायला येतील. आले ते कोट घालून, हातात हत्यारांची पेटी घेऊन.

तीन आठवडे ते रोज आले. कुजलेला भाग कापून काढला, नवं लाकूड बसवलं, जमीन बदलली. नवरा सुट्टी काढून येऊ लागला, आणि दोघं माझ्याकडे न बघता एकमेकांशी मजेत गप्पा मारत. एकदा धीर करून त्यांना विचारलं, तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाहीत? ते करवतीवरून हात न काढता म्हणाले, "तुमच्या देवाचं आहे म्हणालात. आणि तुमच्या आईने केलेलं. मी काय म्हणणार?" आणि तो नवा रंग? बायकोच्या डोक्याच्या तेलाचा तिथे डाग होता, ती त्या कोपऱ्याला टेकून वाचायची. विकताना तो तसाच ठेवणं त्यांना बरं वाटलं नाही.

मे महिन्यात यंत्राने सगळीकडे कोरडं दाखवलं. मी चार वेळा मोजलं. तोरण धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा दाराबाहेरच लागलं, पण आता चिकटवलेल्या छोट्या आकड्यांवर. ते त्या डच आजोबांनी बसवले.

समुद्रावर निघायच्या सकाळी आईने आपली शेगडी पेटवली आणि पहिला शिरा केला. आत शिरताना तिने भिंतीला नाक लावून खोल श्वास घेतला होता. माझीच आई ती. मग म्हणाली, "बरी आहे," आणि पलंगावर पाय पसरून बसली. आजोबा निरोप द्यायला आले होते, त्यांनाही तिने बसवून ताटली दिली. नवीन लाकडावरून हात फिरवत तिने मला विचारलं, "इतकं कशाने भिजलं होतं गं? कुणी बघितलं नाही का वेळेवर?"

मी म्हणाले, जुनी गाडी आहे, चालायचंच. तिचं समाधान होईना. "ह्यांना विचार ना. त्यांना माहीत असणार, त्यांचीच होती."

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. मी तिचा प्रश्न डचमध्ये सांगितला, जसाच्या तसा, कारण दुसरं काही सुचेचना. आजोबांनी आईकडे बघितलं, दारावर हलणाऱ्या तोरणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ग्रीसने कायमचं काळं झालेलं ते बोट वर आकाशाकडे केलं.

"पाऊस होय," आई म्हणाली. "मेला इथे काय कमी पडतो."

ह्या माणसाने काहीतरी लपवलंय, असं मी पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते. लपवलं ते एवढंच, माझी तीन भोकं. मी त्यांच्या ताटलीत आणखी एक डाव शिरा वाढला. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.