गयाच्या तोंडचं गाणं

नवस ठरवून बोलावे लागतात, किस्से मात्र आपोआप साठतात! भूकंपानंतर गया लातूरला आमच्या शेजारी, भावाकडं राहायला आली. पोटची सुमन गावाकडं ढिगाऱ्यातच गेली, तेव्हापासून हिची वाचा बंद. मी महादेवाला बोलले, "हिच्या तोंडून शब्द निघू दे, सोळा सोमवार अळणी करीन." एका दुपारी ज्वारी निवडता निवडता ती सुमनचा पाळणा गुणगुणली! मी सोमवार धरले आणि तिला आमच्या भजनी मंडळात ओढलं. हे सगळे किस्से तिथले.

*

मुंबईचे मोठे कलाकार भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी एक गाणं करणार होते, आणि त्या रेकॉर्डिंगची डॉक्युमेंटरी निघणार होती. मागं साथीला आमचं मंडळ. पहिल्याच कडव्याला दिग्दर्शक ओरडला, "कट!" आम्ही आपल्या गातोच आहोत.

"मावशी, कट म्हटलं की थांबायचं!"

मी म्हटलं, "धरलेलं पद अर्ध्यात सोडत नसतात. तुमचं रीळ संपलं असंल तर तुम्ही बसा!"

सातव्या कटला आमचे ढोलकीवाले हमीदभाई म्हणाले, "भाभी, ये लोगां गाते कम, रुकते जास्ती!"

*

रेकॉर्डिंग एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये. भिंतीवर ही मोठी पाटी, 'मेडिकलला हमखास प्रवेश!' दिग्दर्शक म्हणाला, "एवढी काढा." क्लासचे सर हसले, "राहू द्या की. रडणारे खाली दिसतील, पाटी वर दिसंल. कुणाची कुणाला अडचण?"

पाटी राहिली.

*

गया त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून, वेणी घालून आली. दिग्दर्शक माझ्या कानाशी लागला, "जरा मळकं काही नाही का? या भूकंपातल्या वाटत नाहीत."

गयानं ऐकलं. म्हणाली, "भूकंपातलं समदं तिथंच ऱ्हायलं, दादा."

*

गाण्याची सुरुवात तिच्या पाळण्यानं करायची ठरली. "नीज सुमनबाई, पाळण्याला लाल गोंडा." गयानं एकच मागितलं, "माझ्या सुमीचं नाव तेवढं ठिवा."

दिग्दर्शकानं छातीवर हात ठेवला, "शब्द देतो, मावशी!"

*

फिल्म तयार झाली, त्याच हॉलमध्ये दाखवली. गया पहिल्या रांगेत. पडदाभर तिचा चेहरा आला, तोंड उघडलं, आणि आतून कुण्या गायिकेचा साखरेसारखा आवाज, "नीज माझ्या बाळा..."

गया मोठ्यानं म्हणाली, "माझ्या तोंडातून ही कोण बाई गातीया?"

अख्खा हॉल हसला!

दिग्दर्शक वाकून समजावू लागला, "मावशी, 'बाळ' म्हटलं की ते सगळ्यांना आपलं वाटतं."

"मग तिला माती द्यायला समद्यांनी यायचं की!"

आणि ती उठली. पडद्यापुढं जाऊन उभी राहिली. तिचाच चेहरा तिच्या लुगड्यावर हलत होता. तिनं पाळणा म्हटला, नावासकट. हमीदभाईंनी खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला. आम्ही मागून उचललं. मशीन चालूच होतं.

ती फिल्म अजून कुठं कुठं लावतात म्हणे. तुमच्याकडं लागली, तर 'बाळा' आलं की तुम्हीही जरा मोठ्यानं म्हणा, सुमन.