देवघरातल्या फरशीखालचे सिमेंट

ते प्रकरण आठवले की आजही माझी मलाच लाज वाटते. बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो.

एक बागायतदार तक्रार घेऊन आला. घरातली जुनी शहाबादी फरशी काढून टाइल्स बसवायचे काम चालू होते. देवघरातल्या फरशीखाली आजोबांनी दागिन्यांचा तांब्या पुरल्याचे घरात सगळ्यांना ठाऊक होते. फरशी निघाली तेव्हा घरचे शेतावर, मिस्त्री एकटाच. खाली खड्डा रिकामा. त्यातच खबऱ्याचा फोन आला, मिस्त्री काम अर्धवट टाकून पाटोद्याला गेलाय. मला आणखी काय हवे होते? त्याला उचलून आणले आणि घरझडतीसाठी भर गावातून चालवत नेले. झडतीत काही मिळाले नाही. तो सासूच्या दहाव्याला गेला होता, हे मागाहून कळले.

दोन दिवस त्याला ठाण्यात बसवून ठेवले. आवाज चढवला, हातही उचलला. त्याचे एकच पालुपद, "साहेब, मला कामून इचारता? सगळ्या घरात फरशीखाली चुना हाय, देवघरातल्या त्या एकीखालीच सिमेंट हाय."

"लई शहाणा झालास का बे?" मी म्हणालो. पंचनाम्यात मी 'खड्डा रिकामा' एवढेच लिहून मोकळा झालो होतो.

तिसऱ्या दिवशी, दुसरे काहीच हाती लागेना म्हणून, त्याला घेऊन पुन्हा त्या घरी गेलो. त्याने सब्बलीने शेजारच्या दोन फरश्या उचकटल्या. खाली मुरूम, त्यावर पांढरा भुसभुशीत चुना. मग देवघरातली काढून ठेवलेली फरशी उलटी केली. तिला करडे सिमेंट घट्ट चिकटलेले.

"आजोबाच्या टायमाला इथं सिमेंट कुठलं, साहेब? ही मागून कुणीतरी काढून पुन्हा बसवली. सिमेंटचा माल कसा थापलाय बघा, हा मिस्त्रीचा हात न्हाई."

तक्रारदाराचा धाकटा भाऊ दारातच उभा होता. त्याला फार विचारावे लागले नाही. काही वर्षांपूर्वी आपणच तांब्या काढल्याचे त्याने तिथेच कबूल केले. थोरल्याने त्याच दिवशी तक्रार मागे घेतली आणि घरचे प्रकरण घरात मिटले. मिस्त्रीच्या अब्रूची मात्र मी गावभर धिंड काढली होती. तो निर्दोष आहे हे गावाला सांगायला कोणी गेले नाही. मीही नाही.

माणसाचा चेहरा वाचण्यात मी स्वतःला तरबेज समजत असे. समोरचा आपल्या कामातले काही सांगत असेल, तर ते आधी ऐकून घ्यावे, हे मी या प्रकरणात शिकलो. पण त्या शिकण्याची झळ मिस्त्रीला बसली.

निवृत्तीनंतर माफी मागायला त्याच्या घरी गेलो. तो कामावर गेला होता. बायकोने पाणी दिले. म्हणाली, "आता नव्या, मोकळ्या बांधकामावरच जातेत. राहत्या घरात पाय ठेवत न्हाईत. बसा, येतीलच."

मी पाणी प्यालो आणि तो यायच्या आत निघून आलो.