काकवीवरचा फेस

छत्तीसगढ नवं राज्य झालं त्या हिवाळ्यात बाबांची वाचा गेली. झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात थोडा लुळा पडला, चालणं पंधरा दिवसांत जमलं, पण शब्द परत आले नाहीत. एकच उरला, 'हव'. छत्तीसगढीत 'हो' म्हणायचा हा शब्द बाबा बाजारात भाजीवाल्यांशी बोलताना वापरायचे, घरात कधी नाही. आता पाणी पाहिजे असलं तरी हव, नको असलं तरी हव, राग आला तरी हवच. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना सगळं समजतं, फक्त सांगता येत नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

त्यांचं जेवण तुटलं. आई एक दिवस म्हणाली, "लहानपणी यांच्या मामाचं गुऱ्हाळ होतं. काकवी-पोळी असली की दोन घास जास्त जायचे. पाहतं का करून थोडीशी?"

बाजारात गूळ होता, काकवी कुठेच नव्हती. म्हणून रविवारी सकाळी मी चौकातल्या रसवाल्याकडे दुधाचे दोन मोठे डबे घेऊन गेले.

"नींबू-अदरक कुछ नहीं? इतने रस का क्या करोगी, दीदी?"

"उबालूँगी," मी म्हणाले. तो चरक फिरवत राहिला.

मागच्या अंगणात गॅसची शेगडी मांडली, रस फडक्यातून गाळून मोठ्या पातेल्यात ओतला. बाबा समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. आधी हिरवट काळी मळी वर आली. ती मी झाऱ्याने काढत गेले आणि बाबा मान हलवत राहिले. कितीतरी दिवसांनी ते असे सरळ बसले होते.

तासाभराने रस लालसर झाला आणि फेसाचं रूप पालटलं. बारीक, दाट, पिवळट बुडबुडे एकमेकांना चिकटून वर चढू लागले. आच कमी केली की बसायचे, जरा वाढवली की पुन्हा वर. झाऱ्याने काढावा तितका खालून नवा येत होता.

बाबा उठून उभे राहिले. "हव, हव."

मी ढवळलं. त्यांनी मान जोरात हलवली. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून दाखवलं.

"मीठ टाकू?"

"हव."

मी मीठ आणलं तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. मीठ फरशीवर सांडलं.

"मग लिंबू? सोडा?"

"हव. हव. हव."

"काय म्हणून राहिले, समजते का तुले?" आईने विचारलं.

"मले तरी कुठं समजते," मी म्हणाले.

बाबा स्वतःच स्वयंपाकघराकडे निघाले. पाय अडखळला तशी आईने त्यांना धरलं. "पडाल न तुम्ही. बसा पाहू." मीही तिकडे धावले, आणि तेवढ्यात मागे चर्र आवाज झाला. फेस काठावरून उतू जाऊन शेगडीवर आला होता, आच विझली होती, गॅसचा वास सुटला होता. मी बटण बंद केलं. चिकट रस फरशीवरून मोरीकडे वाहत होता.

बाबा दारात उभे राहून डाव्या हाताने स्वतःचं कपाळ बडवत होते. मग रडू लागले. आईने त्यांचा हात धरून ठेवला. मी पोतेरं घेऊन फरशी पुसत बसले.

मामाच्या गुऱ्हाळाच्या गोष्टी त्यांनी जेवताना शंभर वेळा सांगितल्या असतील. मला आठवत होतं ते एवढंच, की मामा उसाच्या कांडक्यावर गरम गूळ लावून द्यायचे. कामाचं ते सांगत असताना माझं लक्ष नेहमी दुसरीकडेच असायचं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर कवर्धा भागातल्या एक वयस्क बाई होत्या. त्यांच्या माहेरी ऊस होता. मधल्या सुट्टीत त्यांना सहज विचारलं.

"अरे, उसमें दो बूँद तेल छोड़ते हैं," त्या म्हणाल्या. "फेन अपने आप बैठ जाता है."

बोटं चोळणं म्हणजे तेल होतं. तेलाचीच बाटली आणायला ते निघाले होते, आणि आम्ही दोघींनी त्यांना अडवलं होतं. त्या दिवशी माझा डबा तसाच परत आला.

पुढच्या रविवारी पुन्हा रस आणला. फेस चढू लागला तसं मी तेलात बुडवलेलं बोट पातेल्यावर झटकलं. दोन थेंब पडले आणि फेस बघता बघता खाली बसला. मी बाबांकडे पाहिलं. ते दोरीवरच्या कपड्यांकडे बघत होते.

"तेलच म्हणत होते ना तुम्ही, बाबा?"

"हव," ते म्हणाले. नेहमीसारखंच. ते कबूल होतं की नुसताच शब्द, मला कळलं नाही.

काकवी चांगली झाली. त्यांनी तिच्याशी अर्धी पोळी खाल्ली. त्याच संध्याकाळी ते हवेत बोटाने गोल काढू लागले. आम्ही चष्मा दाखवला, घड्याळ दाखवलं, डब्यातल्या बांगड्या, सायकलची चावी, ताटली. प्रत्येक वस्तूकडे बघून ते हात झटकत आणि पुन्हा गोल काढत. शेवटी थकून भिंतीकडे तोंड करून निजले. त्यानंतर ते दोन वर्षं होते. तो गोल कशाचा होता, ते आम्हाला कधीच समजलं नाही.