सावद्याच्या गाडीतली एम.ए.

सावदा-जळगाव गाडीत ती माझ्याशेजारी बसली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. मोबाईल मांडीवर पालथा ठेवायची, लगेच उचलून बघायची. आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. झालेली, केळी परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत मुलाखत देऊन निकालाची वाट पाहत होती.

मागच्या सीटवरचे केळीवाले नाना हसले, "ते शिकून काय, परदेशात सोयरिकी जमवशीन?"

"हो नाना, केळीच्या! आखातात भांडण पेटलं की सावद्यात भाव पडतो. हे आधी कोणी सांगायचं?"

इतकी वर्षं केळी खाल्ली, मला हे कधी सुचलं नव्हतं.

भुसावळला फोन आला. ऐकता ऐकता ती उभीच राहिली. "निवड झाली!" अख्ख्या गाडीने टाळ्या वाजवल्या.

नाना पुढे झुकले, "पोरी, माह्यी बाग बुधवारी कापाची आहे. कापू का थांबू?"