मनाचं सर्टिफिकेट

माणसाच्या मनाचा ठाव कुणालाच लागत नाही, असं थोर लोक सांगत आले आहेत. आमच्या गावातल्या हॉस्पिटलात तो दर मंगळवारी दुपारी तीन ते पाच या वेळात लागतो आणि तसं सर्टिफिकेटही मिळतं.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी ते लागतंच. माझी बहीण सुषमा हृदय, फुप्फुसं, थायरॉइड अशा सगळ्या तपासण्यांत पास झाली होती. दुर्बिणीने जठरही पाहून झालं होतं. आता मन नापास झालं, तर ऑपरेशन रद्द.

"ऑपरेशन कशासाठी करताय?" मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं.

'आरोग्यासाठी' म्हणायचं, हे मी तिला रिक्षात पढवलं होतं.

"जावेसाठी," सुषमा म्हणाली. "तिच्या मुलाच्या लग्नात फोटोच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाली, 'सुषमा, तू स्टेजखालीच थांब, म्हणजे बाकीचे मावतील.' पुढच्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न आहे. मी मधोमध उभी राहणार आणि तिला म्हणणार, 'या ना ताई, भरपूर जागा आहे.'"

मी छताकडे पाहिलं. आरोग्याची इच्छा पहिल्या बटाटेवड्यापाशी विरघळते, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. अपमान मात्र वर्षानुवर्षं ताजा राहतो. मनोबल म्हणतात ते हेच असेल, तर त्याच्यावर एवढी प्रवचनं कशाला?

"नंतर आयुष्यभर मोजकंच खावं लागेल, आवडो न आवडो. जमेल?"

"बारा वर्षं तिच्या हातचं जेवलेय, डॉक्टर."

डॉक्टरांनी 'मानसिक तयारी उत्तम' असं लिहून शिक्का मारला.